थोरल्याचं लायसन्स

थोरल्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आत्या दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधत होती.

"आत्या, मला कामावरून घरी बसवलंय. लायसन्स रद्द झालं."

"तिकडचं?"

"आपल्याकडचं. ते गेलं म्हणून इकडचंही गेलं."

आत्या निवृत्त फौजदार. थोरला तिच्या दिवंगत भावाचा मोठा मुलगा. परदेशात नऊ वर्षं रुग्णवाहिका चालवत होता. या भाच्याचा तिला फारसा पुळका नव्हता. सणासुदीलासुद्धा ज्याला आत्या आठवत नाही, त्याला अडचणीत ती बरोबर आठवते. पण खोटा कागद म्हटलं की तिचं डोकं फिरायचं, आणि इथे प्रकरण खोट्या कागदाचंच होतं.

तिकडचा नियम सोपा होता. तिकडचं लायसन्स घरच्या लायसन्सच्या जिवावर मिळालेलं, त्यामुळे घरचं जिवंत ठेवावं लागे. चाळिशी उलटल्यावर घरच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. "तेवढं करून टाका," असं थोरल्याने घरी फोनवर सांगितलं. काही दिवसांनी घरच्या ग्रुपवर निरोप आला, झालं म्हणून. तो निर्धास्त झाला. आता इथलं परिवहन कार्यालय म्हणत होतं की दाखला बनावट आहे.

"ज्या तारखेला डॉक्टरने मला तपासलं असं लिहिलंय, त्या दिवशी मी इथे ड्यूटीवर होतो. इकडच्यांना वाटतंय, मीच बनवाबनवी केली. सोमवारी सुनावणी आहे. सिद्ध झालं तर तुरुंग, आणि बायकापोरांना गाशा गुंडाळून परत पाठवणार."

"आणि तू केलं नाहीस, हे सिद्ध झालं तर?"

"मग नुसता दंड. लायसन्स परत सुरू होईल."

त्याने चष्मा काढला आणि तोंडावरून हात फिरवला.

"चष्मा कधी लागला तुला?"

"झाली दोन वर्षं. इकडे चष्मा करायचा म्हणजे खिशाला भोक. घरूनच मागवतो. आत्या, शोध ना, कुणी केसानं गळा कापला माझा."

आत्याने रिक्षा बोलावली.

कार्यालयातला बडा बाबू तिला जुना ओळखत होता. त्याने फाइल पुढे सरकवली.

"तुम्हाला कळलं कसं हो, दाखला खोटा आहे ते?" आत्याने विचारलं.

"निनावी फोन. दाखल्याची तारीख सांगितली आणि म्हणे, हा माणूस त्या दिवशी देशातच नव्हता, पासपोर्ट तपासा. तपासला."

"म्हणजे फोन करणाऱ्याला दाखल्यावरची तारीख ठाऊक होती."

"ते आमच्या लक्षातच नाही आलं," बाबू म्हणाला. कार्यालयात काय काय लक्षात येत नाही, याची आत्याला पूर्ण कल्पना होती.

तिने दाखला वाचला. उजवी नजर चांगली, डाव्या डोळ्याला लांबचं कमी, चष्म्यासह वाहन चालवण्यास योग्य. खाली चष्म्याचा नंबर. तिने तिथूनच थोरल्याला फोन लावून त्याच्या चष्म्याचा नंबर विचारून घेतला.

फाटकाबाहेर एजंटची पत्र्याची टपरी होती. आत्याला पाहताच तो उभा राहिला.

"थोरल्याचं काम तू केलंस?"

"मी केलेलं कधी रद्द होतं का, बाई? त्याचा धाकटा भाऊ विचारून गेला होता. मग परत फिरकलाच नाही."

"तू दाखला कसा मिळवतोस?"

एजंटने इकडेतिकडे पाहिलं. "डॉक्टर कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवतात. आम्ही नेतो, ड्रायव्हिंग स्कूलवाले नेतात, दुकानदार नेतात. आपण भरायचं."

"आणि डोळ्यांपुढे काय भरतोस?"

"सगळ्यांना एकच. नजर उत्तम. आंधळा आला तरी नजर उत्तम."

डॉक्टरने आधी आवाज चढवला, मग खुर्ची पुढे केली, मग पाणी मागवलं. सही त्याचीच होती. अक्षर त्याचं नव्हतं. थोरल्याला त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"माझं नाव यात येणार का?" त्याने विचारलं.

"सर्वात वर," आत्या म्हणाली. त्याचा पडलेला चेहरा बघून तिला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

संध्याकाळी ती भावाच्या घरी पोचली. वहिनी, म्हणजे थोरल्या-धाकट्याची आई, डोळे सुजवून बसली होती. धाकटा नुकताच गोदामातून आला होता. तो दुसऱ्यांच्या टेंपोत माल चढवायचा. पूर्वी स्वतः टेंपो चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याच टेंपोखाली एका बाईचा पाय गेला. धाकटा आठ महिने आत जाऊन आला आणि त्याचं लायसन्स कायमचं गेलं. आत्या तेव्हा लांबच्या ठाण्यात होती, तिला सगळं फोनवरूनच कळलं होतं.

धाकट्याची बायको चहा घेऊन आली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी राहून आलेली, तरी चेहऱ्यावर कंटाळा नाही. तिने आत्याच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून पदराने पुसला.

"नंबर वाढलाय तुमचा, आत्या. दुकानात या एकदा."

"येते. आधी हे निस्तरू दे."

"वन्सं, काय वाट्टेल ते करा, पण थोरल्याचं वाचवा," वहिनी म्हणाली. "एवढं सोसून त्याचं लायसन्स तेव्हा वाचवलं, ते आता असं जायचं?"

आत्याचा कप ओठांपाशीच थांबला. तेव्हा गेलं होतं धाकट्याचं. मग थोरल्याचं कशातून वाचवलं? वहिनी पदराशी चाळा करू लागली.

"हे घरातल्याच कुणीतरी केलंय," आत्या म्हणाली. "कार्यालयाचा ओटीपी या घरातल्या फोनवर आला. थोरल्याच्या लायसन्सला तोच नंबर जोडलाय."

"मी केलं," धाकटा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने मान खाली घातली नव्हती. सरावाने बोलल्यासारखा बोलला.

"का केलंस?"

"राग होता."

"दाखला कुठून आणलास?"

"डॉक्टरकडून. कोरा."

"भरला कुणी?"

"मीच."

"थोरल्याचा कुठला डोळा कमी आहे?"

"उजवा."

"चष्म्याचा नंबर?"

"तो... मी अंदाजाने टाकला."

"डावा डोळा, बाळा. आणि नंबर थोरल्याने मला मघाशी फोनवर सांगितला. दाखल्यावरचा तंतोतंत जुळतो. इतका अचूक अंदाज बांधणारा माणूस गोदामात गोणी उचलत नाही." आत्याने कप खाली ठेवला. "तुला दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घ्यायची सवयच लागलीय."

धाकट्याच्या बायकोने ट्रे उचलला आणि आत जाऊ लागली.

"तू बस," आत्या म्हणाली.

ती बसली.

"एजंटने दाखला भरला असता तर लिहिलं असतं, नजर उत्तम. कुणीही तेच लिहिलं असतं. खोट्या कागदावर खरा नंबर लिहिण्याची गरज कुणालाच नव्हती. पण ज्याचं पोट नंबरावर चालतं, त्याला चुकीचा नंबर लिहवत नाही. थोरल्याचे चष्मे घरून जातात. ते तूच पाठवतेस. डॉक्टरचे कोरे कागद दुकानांतही जातात, म्हणजे तुझ्याही. एजंटकडे गेलेल्या नवऱ्याला तूच सांगितलंस, राहू द्या, मी करते. काम केलंस, पण जाणूनबुजून तो परदेशात असतानाची तारीख टाकलीस. मग स्वतःच फोन करून कळवलंस. नुसतं नूतनीकरण टाळलं असतंस तर त्याने चार शिव्या घालून दुसऱ्याकडून करून घेतलं असतं. तुला ते नको होतं. तुला तो गुन्हेगार ठरायला हवा होता."

"हो," ती म्हणाली.

वहिनीने कपाळावर हात मारला. "अगं, तुझ्या जावेच्या पोरांचा तरी विचार करायचास."

"माझ्या पोराचा कुणी केला, आई?"

आत्याने वहिनीकडे पाहिलं. "त्या दिवशी टेंपो कोण चालवत होतं?"

वहिनीने तोंड फिरवलं.

"थोरला," धाकट्याची बायको म्हणाली. "परदेशाचं नक्की झालं होतं त्याचं. लायसन्सवर डाग लागला तर जाता येणार नाही म्हणून आई यांच्या पाया पडल्या. पोटच्या पोराच्या. थोरला म्हणाला, वर्षभरात तुला बोलावून घेतो. मी तेव्हा सात महिन्यांची होते."

"आणि नऊ वर्षं तोंडाला पानं पुसली."

"तेही गिळलं मी. पण मागच्या सुट्टीत आला तेव्हा माझ्या पोराला काय म्हणाला माहितीये? बाबांकडून सायकलसुद्धा शिकू नकोस, त्यांनी बाईला उडवलंय. हे तिथेच बसले होते, आत्या. ऐकत. पोराने तेव्हापासून यांच्या सायकलवर बसायचं सोडलं." तिने हातातला ट्रे खाली ठेवला. "त्याच दिवशी ठरवलं. लायसन्ससाठी केलं ना सगळं? मग लायसन्सच घालवते."

आत्याला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिने थोरल्याला व्हिडिओ कॉल लावला, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि सगळं सांगितलं.

थोरल्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तिला लिहून द्यायला लाव. आत्ता. सोमवारच्या आत पाठव."

"देते," धाकट्याची बायको म्हणाली. "जे व्हायचं ते माझं होऊ दे. पण त्या दिवशी टेंपो कोण चालवत होतं, तेही तुम्ही लिहून पाठवायचं."

"म्हणजे लायसन्स पुन्हा गेलंच की माझं."

"तुरुंग टळेल. लायसन्स मात्र दोन्ही वाटांनी जातंय, दादा. कशापायी घालवायचं, तेवढं तुम्ही ठरवा."

वहिनी पुढे सरकली आणि धाकट्याचा हात धरला. "तूच सांग ना, मी केलं म्हणून. मघाशी म्हणालास तसंच. बायको वाचेल, भाऊही वाचेल. तुझं तसंही काय जायचं राहिलंय?"

धाकट्याने आईकडे पाहिलं. मग तिची बोटं एकेक करून सोडवली.

"नाही," तो म्हणाला.

"वन्सं, तुम्ही तरी सांगा याला."

"मी दोन कबुल्या पाठवणार," आत्या म्हणाली. "दोन्ही मिळाल्या तर दोन्ही. नाहीतर एकही नाही."

फोनमध्ये थोरला आईला हाक मारत होता. वहिनीने फोनकडे बघितलंही नाही. शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी चालवत होतो. देतो लिहून."

धाकट्याची बायको उठली, दारात गेली आणि शेजारी खेळणाऱ्या मुलाला हाक मारली. नऊ वर्षांचा तो, धापा टाकत आला. तिने त्याला फोनसमोर उभं केलं आणि मागून त्याच्या खांद्यांवर हात ठेवले.

"काकांना तुला काहीतरी सांगायचंय."

थोरल्याने नजर चुकवली. मग सांगितलं.

आवाज स्वच्छ होता. खोलीतल्या सगळ्यांना शब्द न् शब्द कळला.

"ऐकू नाही आलं," धाकट्याची बायको म्हणाली. "परत सांगा."