चार डोळ्यांचा पाहुणा

मृत्यूपुढे सगळे सारखे, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. भरदुपारी आखातातल्या मत्रहमध्ये कुत्रा शोधत फिरायची पाळी मात्र त्यांच्यापैकी कुणावर आली नसावी.

कॉनराडवर आली. वसईचा हा गडी बंदराजवळच्या हॉटेलात नोकरीला होता. त्याच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर केकीअंकल आणि होमायआंटी हे म्हातारं पारशी जोडपं राहायचं. पोटी मूल नव्हतं, म्हणून कॉनराडला रागावण्याचं काम दोघांनी वाटून घेतलं होतं. आज सकाळी चहा पिता पिताच अंकल गेले.

आंटींनी रडणं पुढे ढकललं. पलंगाशी दिवा लावला, चंदन ठेवलं आणि कॉनराडला कुत्रा आणायला सांगितलं. पारशी माणूस गेला की कुत्र्याने त्याला बघावं लागतं. डॉक्टर चुकेल, कुत्रा चुकत नाही. जिवंत माणसावरून त्याची नजर घसरते, मेलेल्यावर खिळून राहते. भुवयांवर दोन ठिपके असले, म्हणजे चार डोळ्यांचा असला, तर उत्तम. पलीकडे जायच्या पुलावर अशीच कुत्री राखणीला असतात, असं आंटींनी लहानपणापासून ऐकलेलं. मुंबईचे धर्मगुरू दस्तूरजी व्हिडिओ कॉलवर म्हणाले, परदेशात चालवून घ्या. आंटी म्हणाल्या, जन्मभर या माणसाचं सगळं चालवूनच घेतलं, एवढं एक नाही. दुपारी उशिरा, असरच्या नमाजानंतर शवागाराची गाडी येणार होती.

कॉनराडने मासळीबाजारात जहूरला गाठलं. रत्नागिरीचा जहूर तिथे सुरमई विकायचा. सगळं ऐकून त्याने सुरी पुसून बाजूला ठेवली.

"कुत्र्याला हात नाय लावायचा मी," तो म्हणाला. "पन केकीअंकलसारखा बाजारात माज्याशी भांडायला आता कोन येनार? चल."

बर्फाच्या पेट्यांच्या सावलीत एक काळा कुत्रा बसला होता. डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके. जहूर म्हणाला, मी रोज इथे असतो, हा कधी दिसला नाही. त्याने सुरमईचा तुकडा पुढे केला. कुत्र्याने हुंगलासुद्धा नाही. तो उठला आणि चालू लागला.

दोघं मागून. कुत्रा सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या गल्लीत वळला, बंद शटरांसमोरून गेला, इमारतीचा जिना चढला आणि बरोबर आंटींच्या दाराशी थांबला.

"तू याला आनलास, की यान तुला?" जहूरने विचारलं. तो जिन्यातच थांबला.

आत एसीची घरघर होती. चंदनाचा वास होता. पांढऱ्या चादरीखाली अंकल नेहमीपेक्षा लहान दिसत होते. आंटी खुर्चीत बसल्या होत्या. कुत्रा खोलीच्या मधोमध बसला.

त्याने अंकलकडे पाहिलंच नाही. तो आंटींकडे बघत होता.

कॉनराडने हलकेच त्याचं तोंड पलंगाकडे वळवलं. एवढ्या उन्हातून आलेल्या कुत्र्याची कातडी गार होती.

कुत्र्याने अंकलना पाहिलं. शांतपणे, बराच वेळ. आंटींनी सुस्कारा सोडला. काम झालं होतं.

मग कुत्र्याने मान फिरवली.

पुन्हा आंटींकडे. तीच नजर. ती घसरेना.

दिव्याची ज्योत हलेना.

"चुकतो कधी कधी कुत्रा," कॉनराड म्हणाला. आपला आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला.

आंटी आता रडत होत्या. पण चेहरा एखाद्याचं तिकीट पक्कं झाल्यासारखा सैल झाला होता.

"मला वाटला, केकी एकटाच जाणार," त्या म्हणाल्या. "पुलावर पण कोणाशी तरी भांडून बसला असता."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. कुत्रा जागचा हलला नाही.

"कॉनराड, दिकरा," आंटींनी डोळे पुसले, "त्याला जरा पाणी ठेव. बिचारा उन्हातून आला, आणि काम दोघांचं केलं."