पायलला न दिसलेले आकडे

बेबीनंदा आत आली, खुर्चीवर टेकली आणि पाण्याला हात लावायच्या आधीच म्हणाली, "ताई, पायल माझ्या नवऱ्याचीच पोरगी हाये, एवढं सिद्ध करून द्या."

मदतनीस केदारचा चहा ओठापाशीच थांबला. विमलताईंच्या जालन्यातल्या कचेरीत लोक यायचे ते सोयरिकीआधी मुलाची माहिती काढायला. पितो का, पगार खरा सांगतो का, बस्स. असलं काम आजवर आलं नव्हतं.

"पहिल्यापासून सांग," विमलताई म्हणाल्या.

झालं होतं ते असं. पायल भोकरदनला बारावीत. जीवशास्त्राच्या तासाला सुरेखा मॅडमनी रंगांधळेपणा शिकवला आणि रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक वर्गात फिरवलं. ठिपक्यांत आकडे दडलेले. सगळ्यांना दिसले, पायलला काही केल्या दिसेनात. मग मॅडमनी फळ्यावर नियम लिहिला: मुलगी रंगांधळी असेल, तर तिचा बापही असतोच. अख्खा वर्ग वळून पायलकडे बघायला लागला. कारण तिचा बाप बद्रीनाथ शाळेचीच बस चालवायचा, आणि दरवर्षी डोळ्यांच्या तपासणीत पास व्हायचा.

"पोरं घरी पोचायच्या आत आमच्या राजूरभर झालं," बेबीनंदा म्हणाली. "सासू म्हणती, मंग ही कोणाची? मला माहेरी धाडून राह्यले. पोरीचं कॉलेज बंद, जल्दी उजवून टाकायचं म्हणतेत. देवाशप्पथ ताई, मी काहीच केलं न्हाई."

"रक्ताची तपासणी करता येते. बाप कोण ते बराबर कळतं," विमलताई म्हणाल्या.

"मीच म्हणले करा. हेच नको म्हणले. बिलकुल नको."

"बिचारा," केदार पुटपुटला. "उत्तराला भीत असेल."

"कुठल्या उत्तराला, ते बघू," विमलताई म्हणाल्या आणि उठल्या.

शाळेत सुरेखा मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. "मी पुस्तकातलंच शिकवलं हो! अर्धसूत्री विभाजनात बापाच्या बीजपेशी दोन तऱ्हेच्या होतात, एक्सवाल्या आणि वायवाल्या. वाय आला तर मुलगा, एक्स आला तर मुलगी. बापाकडे एक्स एकच, तो लेकीला मिळतोच. तो निर्दोष असेल, तर आईकडून दोष आला तरी लेकीचे डोळे शाबूत राहतात."

"नियम कधी चुकतो?"

"लाखात एखाद्या वेळी. पण गावाला कोण सांगणार?"

विमलताईंनी ते पुस्तक मागितलं. पानं खिळखिळी झाली होती. "सांभाळून हं," मॅडम म्हणाल्या. "सत्तावन्न आकड्याचं पान पोरांनी मागच्या आठवड्यात फाडून टाकलं. आता जूनमध्ये डॉक्टर ड्रायव्हरांचे डोळे तपासायला येतील तेव्हा काय देऊ? ते दरवर्षी हेच घेतात."

"बद्रीनाथ माणूस कसा आहे?"

"देवमाणूस! गाडी कधी कुठं घासली नाही. संस्था त्याला संभाजीनगरच्या शाळेची बस देत होती, पगारही जास्त. नको म्हणाला. शहरातले सिग्नल न् गर्दी आपल्याला झेपत नाही म्हणाला."

राजूरला अंगणात सासू साळूबाई सूप घेऊन बसल्या होत्या, सुपात बोरं. बेबीनंदा आणि पायल दाराआड उभ्या होत्या.

"आमच्या खानदानात असली खोट न्हाई," साळूबाई तडकल्या.

"तुमच्या माहेरी?" विमलताईंनी विचारलं.

"माझ्या माहेरी तर सगळ्यांचे डोळे घारीचे! बाप तेवढा लई गमत्या. हिरव्या मिरच्या लाल मिरच्यांच्या ढिगात टाकायचा, आन् आई वरडली की हसायचा."

तेवढ्यात बद्रीनाथ आला. खाली मान घालणारा, गरीब माणूस. पाहुण्यांना रिकाम्या हाती कसं बसवायचं म्हणून त्यानं सुपातलं एकेक बोर अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि पिकलेली तेवढी केदारच्या ओंजळीत घातली. केदारला त्याची फार दया आली.

विमलताईंनी पुस्तक उघडलं. "एकेक पान वाचा."

"बारा. आठ. एकोणतीस. सत्तावन्न. पाच."

घडाघडा वाचलं! बापाचे डोळे लख्ख निघाले, म्हणजे बाईचं नशीब फुटलं. दाराकडे बघायची केदारची छाती होईना.

"केदार, चौथं पान उघड. काय आहे?"

"पाच."

"हे चौथ्या पानाला काय म्हणाले?"

"सत्तावन्न." केदारनं पान परत पाहिलं. "पण ते तर फाटलंय!"

"फाटलंय. यांनी वाचलंच नाही, पाठ म्हटलं." विमलताईंनी पुस्तक मिटलं. "दरवर्षी तेच पुस्तक, तोच क्रम. बोर पिकलंय का हे तू रंगावरून ओळखतोस, हे दाबून ओळखतात. सिग्नल नकोत म्हणून यांनी जास्तीचा पगार सोडला. आणि ज्याला बायकोचा खरोखर संशय असतो, तो रक्ताची तपासणी धावत जाऊन करतो. यांना भीती होती ती पायल यांचीच निघायची. ती यांची, म्हणजे हे रंगांधळे, म्हणजे बस गेली."

"मला लाल न् हिरवं सारखंच दिसतं," बद्रीनाथ म्हणाला. "गाडीबिगर दुसरं काय येतंय मला? वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील."

"लोक विसरतील!" बेबीनंदा बाहेर आली. "आन् मी?"

साळूबाई कपाळ बडवायला लागल्या. "माझ्या लेकराला ही पीडा लागली कुठून?"

"तुझ्याकडून, आजी," पायल म्हणाली. "मुलाला एक्स आईकडून येतो. तुझा बाप मिरच्यांत गंमत करत नव्हता. त्याला लाल न् हिरव्या वेगळ्या दिसतच नव्हत्या."

साळूबाईंचा हात कपाळावरच राहिला.

केदारला वाटलं, जिंकलो! पण विमलताईंचा चेहरा पडलेला होता. "मला शाळेत सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "बसमध्ये लेकरं असतात."

बद्रीनाथनं खिशातून चावी काढली आणि बायकोपुढे ठेवली. "तू म्हणशील तसं."

वा रे मर्दा! केदारच्या अगदी जिभेवर आलं होतं. इतके दिवस ओझं हिच्याच डोक्यावर, आणि आताही हिच्याच!

बेबीनंदानं चावी उचलून विमलताईंच्या हातात दिली.

"लोकांची लेकरं हायेत. नेऊन द्या," ती म्हणाली. "मी चांगल्या चालीची हाये, ते झालं सिद्ध. आता पोरगी शिकायची कशावर आन् आम्ही खायचं काय, त्याचा बी तपास लावा, ताई."