एक माणूस जास्त

मोजणीबाईंना चुकीची भीती कधी वाटली नव्हती. चूक म्हणजे त्यांच्या लेखी स्वयंपाकघरातले झुरळ. ते असणारच, कोणत्या फटीतून येते एवढे ठाऊक असले की पुरे. विद्यापीठात असल्यापासून त्यांची ही ख्याती होती आणि नोकरीत ती वाढतच गेली होती. म्हणून जिथून आधीचे दोन मोजणीदार हात टेकून परत आले होते, तिथे त्यांना पाठवले याचे कुणाला नवल वाटले नाही. त्यांना स्वतःला तर मुळीच नाही.

सकाळी जीपने त्यांना कोरड्या कालव्याच्या पुलाशी सोडले आणि ती दुसऱ्या तुकडीकडे निघून गेली. परत येणार होती ती थेट काम संपल्यावर. पुलाच्या एका अंगाला शहराच्या शेवटच्या इमारती उभ्या होत्या, खिडक्यांना अजून पडदेसुद्धा न लागलेल्या. दुसऱ्या अंगाला राडारोड्याचे ढीग, चाऱ्याची शेते, बंद पडलेली वीटभट्टी आणि त्यापलीकडे गाव. या दोहोंमधून शहराची हद्द जात होती. नेमकी कुठून, एवढेच काय ते कुणाला सांगता येत नव्हते.

सोबत मामा होते. मामा म्हणजे खात्यातले सर्वांत जुने काठीवाले. ते कुणाचे सख्खे मामा, हे बहुधा त्यांनाही आठवत नसावे. काम असे चाले: मोजणीबाई तिपाईवरच्या यंत्राच्या दुर्बिणीतून पाहत, मामा लांबच्या हद्दीच्या दगडावर आरसा लावलेली काठी धरून उभे राहत, आणि यंत्र त्या आरशापर्यंतचे अंतर सांगे. माप झाले की नाही हे विचारायला मामा काठी दोनदा हलकेच झुकवीत. झाले असेल तर मोजणीबाई हात वर करीत. असे एकेक दगड घेत, गोल फेरा मारून, जिथून निघालो त्याच पुलाच्या खांबावर परत यायचे. मोजणी निर्दोष असेल तर शेवटचे माप खांबावरच येऊन टेकते. बोटभर इकडेतिकडे होतेच. तेवढी चूक मग सगळ्या दगडांत थोडी थोडी वाटून टाकायची, अशी रीत. मोठी चूक मात्र वाटायची नसते. ती शोधायची असते.

मामा अंगाने बुटके. आरसा आपल्या टाळूच्या उंचीवर पक्का करीत ते काठीला बजावीत, "माझ्यापेक्षा वर कुणी जायचं नाही!" हा विनोद ते दर सकाळी करीत आणि दर सकाळी स्वतःच हसत.

पहिला फेरा मिटला नाही. शेवटचे माप खांबाला चुकवून भलतीकडेच जाऊन पडले. बोटभर नव्हे, चांगले माणसाएवढे.

मोजणीबाई हसल्या. तिपाईचे पाय तपासले, यंत्र पुन्हा समपातळीत आणले आणि उलट्या दिशेने फेरा घेतला. फरक तेवढाच आला. मग त्यांनी झुरळाची फट शोधायला घेतली. एकेक टप्पा जाताना मोजायचा आणि येताना मोजायचा. सगळे टप्पे सरळ निघाले, एक सोडून. रोपवाटिकेसमोर दोन जुने दगड होते, एक शहराचा शेवटचा आणि एक गावाचा पहिला. त्या दोन दगडांमध्ये जाताना जेवढे अंतर होते, येताना त्याहून एक माणूस जास्त होते.

त्यांनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. भिंगात मामा दिसत होते, पण नेहमीसारखे पाय रोवून उभे नव्हते. काठी दगडावर आणि स्वतः मात्र अंग चोरून कडेला, एका पायावर, जणू झोपलेल्या माणसाला न तुडवता पलीकडे जायचे आहे. मोजणीबाईंनी फोन लावला.

"मामा, असे तिरपे का उभे आहात?"

"पाय ठेवायला जागा नाही, मॅडम."

"का? काय आहे तिथे?"

पलीकडून वारा ऐकू आला. त्यामागे आणखी एक बारीक आवाज होता, खडीवर टाच घासावी तसा. थांबून थांबून येणारा.

"काही नाही..." मामा म्हणाले. "काहीच नाही. पण जागा नाही."

ऊन उतरू लागले तेव्हा रोपवाटिकेवाल्या वहिनी पाण्याची कळशी घेऊन आल्या. शहरातल्या गॅलऱ्यांसाठी त्या फुलझाडांची रोपे वाढवीत. हातांना कायम ओली माती, आणि जीभ अशी की कात्रीची गरज पडू नये.

"ताई, आधीच्या साहेबांनीसुद्धा इथंच मुक्काम ठोकला होता," त्या म्हणाल्या. "एवढं काय आवडतं तुम्हा लोकांना या दोन दगडांत? आमचं घर शहरात की गावात, तेवढं सांगा आणि सुटा की! माझ्या सुनेचे दिवस भरलेत. उद्या दवाखान्याची गाडी बोलवायची तर कुणाची बोलवू?"

"आज ठरेल," मोजणीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात शंकेला जागा नव्हती.

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग कळशी खाली ठेवली.

"माझी नणंद अशीच होती. हिच्यासारखीच, दिवस भरलेली. शहराची गाडी आली ती त्या दगडाशी थांबली. म्हणे पुढं आमची हद्द नाही. गावाची आली ती ह्या दगडाशी थांबली, तिचंही तेच. मधे ही एवढी जागा. मी इकडं पळतेय, तिकडं पळतेय, पाया पडतेय. ते आपले भांडताहेत. शेवटी ती म्हणाली, 'वहिनी, मी जरा इथंच पडते. तुमचं ठरलं की उठवा मला.'"

"मग?"

"मग काय, ताई? अजून कुठं ठरलंय?"

मोजणीबाई घोटभर पाणी प्यायल्या. त्याला मातीचा वास होता आणि त्याखाली लोखंडासारखा आणखी एक, उबदार. कळशी जुनी असेल, त्यांनी मनाशी नोंदले. तरीही त्यांनी विचारलेच, कारण अर्धवट माहिती त्यांना खपत नसे.

"उंच होत्या का हो त्या?"

"चांगली उंच. तुमच्यासारखीच. तुम्ही जीपमधून उतरलात तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं."

मोजणीबाईंना आपली उंची ठाऊक होती. तो फरक किती आहे हेही ठाऊक होते. योगायोग, त्या स्वतःशी म्हणाल्या. जगात इतकी मापे आहेत. दोन जुळली तर बिघडले कुठे?

तेवढ्यात घरातून हाक आली. हाक नव्हेच; ओठ दाबून धरलेला माणूस शेवटी सोडतो तसा आवाज. वहिनी धावल्या. मोजणीबाई त्यांच्यामागून आत गेल्या. खाटेवर सून पडली होती, पांढरीफटक. तिच्या साडीवर लाल डाग पसरत चालला होता आणि कळशीतल्या पाण्याचा तो दुसरा वास इथे खोलीभर होता.

वहिनींनी फोन लावला. गावाची गाडी नादुरुस्त होती. शहराच्या गाडीच्या केंद्रात एक मुलगी शांतपणे म्हणाली, "पत्ता नकाशावर दिसत नाही, काकू. आमच्या हद्दीत आहे का तो?"

वहिनींनी मोजणीबाईंकडे पाहिले. तसेच त्यांनी नणंदेच्या त्या दिवशीही कुणाकुणाकडे पाहिले असणार.

मोजणीबाई झपाट्याने बाहेर आल्या. यंत्रापाशी मामा उभे होते. बाईंनी कोणती कळ दाबायला बोट उचलले आहे, हे त्यांनी पाहिले.

"मॅडम... ही वाटायची नसते. तुम्हीच शिकवता सगळ्यांना."

"माहीत आहे."

"एका जागी आहे ती. एका जागीच असू द्या. वाटली तर मग सगळ्याच दगडांपाशी थोडी थोडी..."

"मामा, आत एक मुलगी मरते आहे."

त्यांनी कळ दाबली. माणसाएवढी चूक दगडादगडांत वाटली गेली. एकाला वीतभर, एकाला त्याहून कमी. प्रत्येक दगड किंचित सरकला, रेघ वळली, फेरा मिटला आणि घर शहरात आले. चाऱ्याच्या शेतावरून एक लांब झुळूक गेली, कुणी खूप वेळ धरलेला श्वास सोडावा तशी. मग त्यांनी घरात जाऊन वहिनींच्या हातातून फोन घेतला.

"हद्द ठरवणारी अधिकारी बोलते आहे. घर शहराच्या हद्दीत आहे. हो, माझ्या जबाबदारीवर. गाडी पाठवा. आणि दगडाशी थांबायचं नाही. थेट दारापर्यंत यायचं."

गाडी आली, दारापर्यंत आली. चालक मात्र उतरला तो घाम पुसतच.

"उशीर झाला, बाई. तुमच्या प्रत्येक दगडाशी करकचून ब्रेक मारावा लागला. वाटेत काहीतरी आडवं होतं. मोठं नव्हे... लहानसंच. उतरून पाहिलं तर काही नाही."

"कुत्रं असेल," मोजणीबाई म्हणाल्या.

"कुत्र्याला बांगड्या असतात का हो?" तो पुटपुटला आणि स्ट्रेचर ओढायला वळला.

सून वाचली. बाळही वाचले. मोजणीबाईंना आपल्या निर्णयाचा पस्तावा झाला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली, हे आवर्जून सांगायला हवे.

पुढे नव्या रेघेवर नवे दगड बसवले गेले, आणि ते जागच्या जागी आहेत ना, हे पाहायला त्या पुन्हा तिथे गेल्या. सकाळ लख्ख होती. जीपमधून उतरताच मामा काठी खांद्यावर टाकून पुढे निघाले. मोजणीबाईंनी पुलाशी तिपाई उभी केली. दुर्बिणीत पाहिले तर पहिल्या दगडावर आरसा चमकत होता. उन्हाच्या झळांमुळे मागचा माणूस विरघळल्यासारखा दिसत होता, पण मोजणीदार माणसाकडे पाहत नाही, आरशाकडे पाहतो. मामांनी आज आरसा उंच लावला आहे, एवढे त्यांच्या लक्षात आले. म्हातारपणी विनोद बदलला वाटते, असे म्हणत त्यांनी नवी उंची यंत्रात भरली आणि काम सुरू केले.

काम विलक्षण वेगाने झाले. त्या तिपाई हलवायच्या आत आरसा पुढच्या दगडावर तयार असे. काठी इतकी सरळ की एकदाही सांगावे लागले नाही. फेरा पूर्ण करून त्या पुलाशी परत आल्या, शेवटच्या दगडाचे माप घेतले आणि आकडा पाहिला. शून्य.

मोजणीबाई ताठ झाल्या. आयुष्यभर त्यांनी शिकाऊ मोजणीदारांना एकच गोष्ट बजावली होती: ज्या फेऱ्यात काहीच चूक नाही, तो फेरा माणसाने घेतलेला नाही.

"मॅडम!"

हाक पाठीमागून आली. मामा पुलाच्या चढावरून धापा टाकत येत होते. काठी त्यांच्या खांद्यावर होती, आरशावरची कापडी खोळही तशीच.

"रागावू नका हं. वहिनींनी दारातच धरलं. बाळ मांडीवर दिलं, ते काही सोडवेना. एवढा वेळ गेला कळलंच नाही. चला, करायची सुरुवात?"

मोजणीबाई यंत्राकडे वळल्या. त्या वाकल्या, कारण न पाहता निघून जाणे त्यांच्या स्वभावातच नव्हते, आणि त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला.

शेवटच्या दगडावर आरसा होता. त्यांच्याच टाळूच्या उंचीवर, लख्ख, स्थिर. त्या पाहत असतानाच तो हलकेच झुकला. एकदा. मग आणखी एकदा.

झालं का?

हात वर करायचा की नाही, हे मोजणीबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच ठरवता येईना.