डोळा लागला

दुकान उघडलं की स्क्रू आधी स्वतःचा चष्मा पुसायचा, मग काउंटरची काच, मग बाकीचं जग. फोन बिघडला म्हणून येणाऱ्या दहातल्या सात जणांचा फोन धडधाकट असतो, कॅमेऱ्यावर बोटांचं तेल असतं, हे त्याचं ठाम मत होतं. हे काम त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. लहानपणी घरातलं दिसेल ते उघडायचा आणि परत लावायचा. दर वेळी एक स्क्रू उरायचा. तेव्हापासून ताई त्याला स्क्रूच म्हणायची.

त्या सोमवारी ताई सकाळीच आली. फोन काउंटरवर ठेवला, पालथा.

"हा मला जागेपणी ओळखत नाही," ती म्हणाली. "आणि मी झोपले की उघडतो."

"नवऱ्यासारखाच निघाला की."

ताई हसली नाही. तेव्हा त्याला कळलं की प्रकरण काचेवरच्या तेलाचं नाही.

झालं होतं असं. दुपारी ती तासभर पडायची. उठली की उशाशी स्टँडवर ठेवलेला फोन उघडा दिसायचा. घरात दुसरं कोण? भाऊजी ऑफिसात. राहिली चिमणी, ताईची मुलगी. ताई तिला बोलली, बरंच बोलली. तू माझे मेसेज वाचतेस, मी झोपले की माझ्या तोंडासमोर फोन धरतेस. चिमणीनं एकदाच सांगितलं, मी नाही. मग तोंडाला कुलूप. शनिवारी ती शिकायला दुसऱ्या गावी चालली होती, हॉस्टेलवर. काल जेवताना शांतपणे म्हणाली, "विश्वासच नाही तर सुट्टीत तरी कशाला येऊ?"

"येणार नाही ती," ताई म्हणाली. "माझीच मुलगी आहे. म्हणाली म्हणजे नाही येणार."

स्क्रूनं फोन घेतला. काच पुसली. कव्हर काढून पाहिलं. फोन बंद करून चालू केला, जुना चेहरा पुसून नवीन भरला. ताईनं मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली फिरवली. फोननं चेहरा घेतला. मग लॉक करून समोर धरला, तर म्हणाला, फोनकडे बघा.

"अरे बघतेय की."

तेव्हा त्याची ट्यूब पेटली. ताईच्या फोनमध्ये एक सोय चालू होती. चेहरा नुसता जुळून भागत नाही, डोळे फोनकडे बघत असावे लागतात. आणि ताईचा डावा डोळा खोटा होता.

हे तो चक्क विसरला होता. सगळेच विसरायचे. सहा वर्षांपूर्वी आजारात तो डोळा गेला आणि डोळ्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तिला दुसरा करून दिला. सगळे त्यांना डोळेकाका म्हणायचे. ताईला तिथं स्क्रूच घेऊन जायचा. तीन दिवस तो तोंड उघडं टाकून बघत बसला होता. काका लाल रेशमाचा एकेक तंतू सुटा करून पांढऱ्यावर शिरा बसवायचे. केसाएवढ्या ब्रशनं बुबुळात एक ठिपका द्यायचे, ताईच्या खऱ्या डोळ्यात बघायचे, मग पुढचा ठिपका. दिवसाला चाळीसेक ठिपके. स्क्रूनं आयुष्यात पुष्कळ कारागीर पाहिले, पण हात म्हणावा असा तो एकच.

"मी कुठं बघू?" ताईनं विचारलं होतं.

"जे बघून कंटाळा येत नाही तिकडं."

ताई चिमणीकडे बघत राहिली. अकरा वर्षांची चिमणी समोर स्टुलावर पेन्सिल चावत बसली होती. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आता नजर बसली."

स्क्रूला राहवलं नव्हतं. "काका, इतकं बारीक कोण बघायला येणार आहे?"

"मी येईन की," काका म्हणाले होते.

आणि निघताना ते दारापर्यंत आले. प्रत्येकाला सोडायला यायचे म्हणे. आपण केलेला डोळा चालत जाताना बघायला त्यांना आवडायचं.

"काकांनी डोळे मिटले, कळलं का?" आत्ता ताई म्हणाली. "दोन महिने झाले."

स्क्रूनं पुसलेली काच परत एकदा पुसली. मग म्हणाला, "ती सोय बंद करून टाकू?"

"म्हणजे मग मी झोपले की कोणीही उघडेल. नको."

गुरुवारी दुकानाला सुट्टी. दुपारी तो ताईकडे गेला. चिमणी आतल्या खोलीत बॅग भरत होती, दर चार मिनिटांनी जोरात चेन ओढत होती. ताई खुर्चीत रेलली. स्क्रूनं फोन स्टँडवर तिच्यासमोर ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

दहा मिनिटांत ताईचा डोळा लागला. एक लागला. दुसरा काकांनी आधीच लावलेला होता, आणि त्याची पापणी पुरती मिटत नव्हती. तांदळाएवढी फट राहिली होती. फटीतून बुबुळ दिसत होतं, ओलं, चकचकीत.

चिमणी चार्जर शोधत बाहेर आली आणि फोनच्या मागच्या दिवाणावर बसून उशा उचकायला लागली.

फोन उघडला.

स्क्रूनं मांडीवर थाप मारली. "चिमणे, इकडे बघ. चोर सापडला."

त्यानं तिला सगळं सांगितलं. एवढ्याशा फटीतून फोन फसला. फोन बनवणाऱ्यांनी किती डोकी लावली असतील, आणि एका म्हाताऱ्याच्या ब्रशनं त्यांना गंडवलं. सांगताना त्याचा ऊर भरून आला होता. चिमणी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मामा, तू हे तिला सांगशील ना? मी सांगितलं तर परत भांडण."

"मी सांगतो. तू आधी पाणी आण."

ती स्वयंपाकघरात गेली. फोनची स्क्रीन मंदावली आणि विझली.

स्क्रूला यात काही वाटलं नाही. फोन पंधरा सेकंदांवर लावला होता. कोणी बघत असेल तर स्क्रीन चालू राहते, नाहीतर विझते. चिमणी पाणी घेऊन आली, परत दिवाणावर बसली. फोन उघडला.

"जरा खिडकीपाशी जा," स्क्रू म्हणाला.

"का?"

"जा तर."

ती गेली. स्क्रीन विझली.

"आता परत बस."

उघडला.

त्यानं चार वेळा करून पाहिलं. चिमणी कंटाळून म्हणाली, "मामा, मी काय रिमोट आहे का?" ताईचं डोकं हललं नव्हतं. तो डोळाही हललेला दिसत नव्हता. स्क्रूनं अगदी जवळ जाऊन पाहिलं. काकांनी घातलेल्या शिरा होत्या, ठिपके होते. हलण्यासारखं काहीच नव्हतं.

ताई जागी झाल्यावर त्यानं तिला फक्त फटीचं सांगितलं. ताई उठली, चिमणीच्या बॅगेपाशी जाऊन खाली बसली आणि तिच्या कपड्यांच्या नव्यानं घड्या घालायला लागली. पाचव्या कपड्याला चिमणी म्हणाली, "आई, तो टॉप इस्त्रीचा आहे." भांडण मिटलं.

"आता तरी ती सोय बंद करू?" स्क्रूनं विचारलं.

"राहू दे," ताई म्हणाली. "काकांचा डोळा पास झालाय, कशाला नापास करतोस?"

शनिवारी अकराच्या बसला चिमणी गेली. स्टँडवरून ताई थेट दुकानात आली. घरी जाववत नव्हतं म्हणाली. "पोचले की मेसेज करते म्हणालीय. आणि हा परत मला ओळखेना झालाय बघ."

स्क्रूनं फोन तिच्यासमोर धरला. नाही. जरा डावीकडे धरला. नाही. हळूहळू उजवीकडे नेत कव्हरं टांगलेल्या भिंतीपाशी आला आणि फोन उघडला.

भिंतीपलीकडे मागची गल्ली होती. तिच्यापलीकडे बसचा रस्ता.

"काय रे?" ताईनं विचारलं.

"काही नाही. इथं उजेड बरा आहे."

त्यानं फोन तिथंच स्टँडला लावला. स्क्रीन चालूच राहिली. ताई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली, मग झोपलीच. स्क्रू एक चार्जिंगची पिन साफ करत होता, पण लक्ष तिकडे. बारा वाजले. एक वाजला. त्याला भीती वाटायला हवी होती. पण काकांचे ते चाळीस ठिपके आठवून त्याला नुसतं थक्क व्हायला होत होतं. काय बसवली होती नजर.

दोनला पाच मिनिटं कमी असताना स्क्रीन विझली.

त्याच्या हातातून पिन पडली. पुढच्या गावांची नावं, घाट, पूल, सगळं एकदम डोक्यात आलं. त्यानं फोन उचलला, ताईच्या चेहऱ्यासमोर धरून भिंतीलगत फिरवला. अजून उजवीकडे. काळा. छताकडे. काळा. जमिनीकडे. काळा.

मग डावीकडे. काउंटर. कपाट. पंखा.

दार.

फोन उघडला.

त्यानं वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. रस्त्यावर ऊन होतं.

चिमणी परत आली असेल. बस चुकली असेल, भांडून उतरली असेल. तो तिची हाक ऐकू येईल म्हणून थांबला.

हातातला फोन वाजला. वर मेसेज आला. *पोचले. खोलीला खिडकी आहे. मामाला सांग.*

त्यानं तो दोनदा वाचला. मग मनात आकडे मोजायला सुरुवात केली. दहा. पंधरा. वीस. स्क्रीन तशीच चालू होती. ताई शांत झोपली होती आणि तांदळाएवढ्या फटीतून बुबुळ चकचकत होतं.

स्क्रूनं फोन तिथंच, दाराच्या रेषेत, स्टँडला लावला. चष्मा काढून पुसला. कोपऱ्यातलं स्टूल उचललं, फडक्यानं झटकलं आणि ताईच्या उजव्या हाताला ठेवलं.

"बसा काका," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं फोन दारापासून हळूहळू फिरवायला घेतला. पंखा, कपाट, काउंटर, एकेक पाऊल, म्हाताऱ्या माणसाला जमेल तितक्या सावकाश.

स्टुलापर्यंत स्क्रीन एकदाही विझली नाही.