गुरुवारचं गाठोडं

दर गुरुवारी दुपारी ती तुरुंगाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभी राहायची. धुतलेले कपडे आत द्यायचे, मळलेले घरी न्यायचे. चार महिन्यांत नवऱ्याचं तोंड एकदाही दिसलं नव्हतं. पोलीस कोठडीत गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची यादी तो करत होता. एवढ्यासाठीच त्याला उचललं होतं आणि यादीही जप्त केली होती.

पण मळलेला सदरा हाती आला की तिच्या जिवात जीव यायचा. कॉलरला घाम, खिशाला शाई आणि डावी बाही तीनदा दुमडलेली. तो डावखुरा होता, लिहायला बसला की तेवढीच बाही दुमडायचा. एरवी कपड्याची घडी घालणं त्याला जन्मात जमलं नाही, यावरून ती किती वेळा भांडली होती.

खिडकी बुटकी होती. आतल्या शिपायाची नुसती छाती दिसायची आणि तिच्यावरचा बिल्ला, ६१४. तो नंबर तिला पाठ झाला होता.

या गुरुवारी गाठोड्याऐवजी छापील कागद बाहेर आला. तापाने मृत्यू, तीन महिन्यांपूर्वी. खाली तिच्या सहीची जागा होती. तिने खिडकीची कड घट्ट धरली.

"मग गेल्या गुरुवारी मी धुतला तो घाम कुणाचा?"

बिल्ला खाली वाकला आणि खिडकीत पहिल्यांदाच चेहरा आला. म्हातारा, दाढीचे खुंट वाढलेला.

"ताई, हळू बोला... ताप नव्हता. मारलं त्याला. मी दाराशीच उभा होतो."

तिला सांगायचा धीर होईना, म्हणून शिपाई दर गुरुवारी कपडे तिच्या नवऱ्याच्या रिकाम्या कोठडीत ठेवत गेला. कुलूप त्याचं, चावी त्याच्याच कमरेला. "पण गुरुवारी उघडून बघावं, तर... अंगात घालून मळवलेले असतात."

"कोर्टात सांगाल हे?"

"सांगेन," तो कसाबसा म्हणाला. "पण आता कपडे आणू नका. मला तिकडं जाववत नाही."

तिने सही केली नाही. धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं तसंच काखेत मारून ती घरी आली. वाटेत ते क्षणभरही खाली ठेवलं नाही. दारातच सासूबाईंनी विचारलं, बरा आहे ना गं तो? ती बरा आहे म्हणाली आणि आत जाऊन तिने गाठ सोडली.

सकाळीच इस्त्री केलेला सदरा वर होता. कॉलर मळलेली होती. डावी बाही तीनदा दुमडलेली होती. आणि सदरा ऊबदार होता, आत्ताच कुणी अंगातून काढल्यासारखा. तो तोंडाशी धरून ती चार महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर रडली.

खिशात काहीतरी सळसळलं. जप्त झालेली यादी होती. त्यातली सदतीस नावं तिला ठाऊक होती. अडतिसावं त्याचं स्वतःचं, त्याच्याच डावखुऱ्या, मागे झुकलेल्या अक्षरात. त्याखाली एकोणचाळीस आकडा टाकलेला. तिथे नाव नव्हतं, नुसता नंबर होता, ६१४.

तिने त्यावर बोट ठेवलं. शाई अजून ओली होती.