दोघांमधलं बेटर

क्लासच्या दारात आम्ही एकमेकांवर आदळलो आणि दोघांच्याही हातांत एकच पुस्तक होतं.

"तुम्ही... इथे?" तो म्हणाला.

"सहज," मी म्हणाले. इंग्रजी व्याकरणाच्या क्लासला सहज कोण येतं?

भिंगांच्या कारखान्यात आम्ही दोघं चार वर्षं होतो. वरच्या मजल्यावर तो हातानं भिंगं पॉलिश करायचा. खाली मी ती दिव्यासमोर धरून तपासायची. खोट दिसली की लाल टिकली चिकटवून भिंग परत वर. त्यावरून वर माझं नाव 'लालटिकली' पडलंय, हे मला ठाऊक होतं. मीही मनातल्या मनात त्याला 'पॉलिशवाला' म्हणायचे. पण चार वर्षांत आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. काय बोलायच्या त्या टिकल्याच.

आठवड्यापूर्वी नोटीस लागली होती. पॉलिशचं नवं यंत्र येणार, ते शिकवायला परदेशी माणसं येणार, आणि चालवायला कारखान्यातलाच एक माणूस हवा. मुलाखत महिन्याभरानं, इंग्रजीतून. अर्ज दोन आले होते. एक माझा. दुसरा कुणाचा, ते आत्ता दारात कळलं.

एकच बाक रिकामं होतं. बाईंनी दोघांना तिथे बसवलं आणि फळ्यावर लिहिलं : थिन, थिनर, थिनेस्ट. लहान शब्दाच्या शेवटी 'अर' जोडायचं, लांब शब्दाच्या आधी 'मोअर' लावायचं.

"वाक्य करा," बाई मला म्हणाल्या.

"माय आय इज मोअर शार्पर..."

"एका डोक्यावर दोन टोप्या कशाला? 'मोअर' तरी, नाही तर 'अर' तरी."

सगळे हसले. तो हसला नाही. खाली मान घालून हळूच म्हणाला, "लालटिकली इज स्ट्रिक्टर दॅन बाई."

मी वहीत लिहिलं, 'पॉलिशवाला इज लेझिअर दॅन द मशीन', आणि वही त्याच्याकडे सरकवली. त्यानं वाचलं, माझं पेन घेतलं, आणि 'लेझिअर'चं मी चुकवलेलं स्पेलिंग नीट केलं. वाय काढून आय. बाकी वाक्याला हात लावला नाही.

त्या दिवसापासून क्लास सुटला की बसथांब्यापर्यंत आम्ही एकमेकांची उजळणी घ्यायला लागलो. तो शब्द द्यायचा, मी रूपं सांगायची. मग माझी पाळी. चालताना मध्ये वीतभर अंतर असायचं... आणि ते किती आहे याकडे माझं सारखं लक्ष असायचं.

"काल सात टिकल्या लावल्यात," एकदा तो म्हणाला.

"खोट होती."

"होती," तो म्हणाला. एवढंच. हा माणूस वाद घालत नाही, हे मला फार आवडलं. आवडलं म्हणून स्वतःचाच रागही आला. मुलाखतीला दहा दिवस उरले होते.

त्या रात्री जेवताना वहिनी म्हणाली, "यंत्र आलं की वरचा मजला बंद." ती आमच्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करते. "चौघांना कामावरून कमी केल्याची पत्रं मीच टाइप केली. तिघं तसेही निवृत्तीला आलेत. चौथ्याचं वाईट वाटतं, तरुण आहे."

माझा घास तोंडातच राहिला. दादानं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "ठसका."

दुसऱ्या दिवसापासून मी चुकायला लागले. 'गुडर' म्हटलं. 'बॅडेस्ट' म्हटलं. बाई हैराण झाल्या. चौथ्या दिवशी त्यानं मला जिन्यात अडवलं.

"तुम्ही मुद्दाम चुकताय."

मी वही पिशवीत कोंबली.

"माझं काम जाणार, हे कुणी सांगितलं?"

"वहिनीनं. तुमचं पत्र..."

"अर्ज केला त्या दिवसापासून मला माहीत आहे." त्याचा आवाज चढला नाही, पण कठड्यावरचा हात घट्ट आवळला होता. "साहेबांनीच सांगितलं होतं."

"मग मला शिकवत कशाला बसलात?"

"तुम्ही मुद्दाम हरलात, तर पुढे कधी तुमच्याकडे सरळ बघता येणार नाही मला." तो थांबला. "आणि मला बघायचंय."

तो भराभर जिना उतरून गेला. बसथांब्यापर्यंत त्या दिवशी मी एकटीच चालले.

मुलाखतीला माझा नंबर पहिला होता. आत मोठे साहेब आणि एक परदेशी इंजिनिअर बाई. प्रश्न बरे गेले. शेवटी बाईंनी विचारलं, दुसऱ्या उमेदवाराशी तुमची तुलना करा.

खोटं बोलणं सोपं होतं. एका वाक्याचं काम होतं.

"हिज हँड इज स्टेडिअर," मी म्हणाले. "ही इज मोअर पेशंट दॅन मी." पण यंत्राला हात नसतो. यंत्राची चूक पकडायला डोळा लागतो... "माय आय इज शार्पर. फॉर धिस वर्क, आय अॅम बेटर."

बाहेर आले. तो बाकावरून उठला, माझ्याकडे न बघता आत गेला. दार नीट लागलं नाही. तोच प्रश्न त्यालाही विचारला गेला.

"शी इज द बेस्ट," तो म्हणाला.

"दोघांच्या तुलनेत बेटर म्हणायचं," साहेबांनी चूक सुधारली. "बेस्ट म्हणायला तीन तरी हवेत."

मग तो मराठीत म्हणाला, "मी दोघांपुरतं म्हणत नव्हतो, साहेब."

मी हळूच दार ओढून घेतलं.

दुपारी कारखान्याच्या नोटीसबोर्डवर माझं नाव लागलं. मी वर गेले. तो त्याची पॉलिशची चाकं पुसून ठेवत होता.

"मी आत म्हणाले, मी बेटर आहे."

"बरोबर म्हणालात."

"राग नाही आला?"

"आला. जिंकायचं होतं मला." त्यानं फडकं खाली ठेवलं. "बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात विचारलंय. काचा बसवायला माणूस हवाय त्यांना. सोमवारपासून."

चार वर्षं ज्याची खोट शोधली, तो सोमवारपासून वर नसणार.

"दादाशी बोलायला कधी येतोस?" मी विचारलं.

'येतोस' त्याच्या कानांवर नेमकं पडलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"दादाला सांगू काय? नोकरी गेली म्हणून?"

"तेच सांग. उरलेलं मी सांगेन."

त्यानं हात पुढे केला, पॉलिशच्या पावडरीनं पांढरा झालेला. तो धरूनच मी जिना उतरले. खालचे सगळे काम थांबवून बघत होते, ऑफिसच्या काचेतून वहिनीही. मी हात सोडला नाही.