तेवीस किलोंची बॅग

"सही करा, मॅडम. खाली... इथे."

तो माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. एका हातात माझी मरून रंगाची बॅग, दुसऱ्या हातात कागद, आणि केसांतलं पाणी थेट डोळ्यांत. सतरा दिवस मी जिची वाट पाहिली ती बॅग समोर होती, आणि मी मात्र बघत होते त्या माणसाकडे. सावळा, उंच, घाईत... आणि वैतागलेला.

"आधी बॅग उघडते. मग सही."

"सहीशिवाय बॅग उघडू द्यायची नाय, असा नियम हाय."

"कुणाचा नियम?"

"कॉन्ट्रॅक्टरचा. विमान कंपनीचं हरवलेलं सामान आम्ही घरोघर पोचवतो. मला अजून खेडला जायचंय. कशेडी घाटात दरड आलीय, एकच लेन चालू हाय. बंद झाली तर रात्र गाडीत काढावी लागेल."

मी कागद वाचला. 'सामान सुस्थितीत मिळाले. कोणतीही तक्रार नाही.'

मी दोन वर्षं शारजात नवरीच्या कपड्यांवर भरतकाम केलं होतं. डोळे दुखेपर्यंत. त्यातून भरतकामाच्या मशीनचं हेड, म्हणजे सुई चालवणारा वरचा भाग, घेतलं, जरीची रिळं घेतली, आणि बिरवाडीत परत येऊन हा गाळा भाड्याने घेतला. पोलादपूरच्या एका नवरीचे ब्लाऊज ही माझी पहिली ऑर्डर. पण मुंबईच्या विमानतळावर उतरले तेव्हा सामानाच्या पट्ट्यावर बॅगच नव्हती! तिथेच उभं राहून लेखी नोंद करून घेतली, तिची प्रत जपून ठेवली. ऑर्डर बुडू नये म्हणून महाडहून भाड्याचं मशीन आणलं, त्याच्या पावत्याही ठेवल्या. आणि आता हा कागद सांगत होता की तक्रार नाही.

"गो सेजल, पोर भिजलाय बघ," आतून आई म्हणाली. तिचं नाव चंद्राबाई; माणूस दिसला की चहा टाकायचा हा तिचा स्वभाव. "आत तरी घे त्याला."

"थांब गं आई." मी त्याच्याकडे वळले. "उघडायची नाही ना? बरं. वजन करायची तरी मनाई नाही?"

त्याने बाहीने तोंड पुसलं. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं... दाबलेलं.

"त्याचा नियम नाय अजून."

शेजारी महिपतकाकांचं किराणा दुकान. तांदळाची पोती मोजायच्या काट्यावर त्यानेच बॅग ठेवली. टॅगवर छापलं होतं, तेवीस किलो. काटा साडेअठरावर थांबला.

पत्र्यावर पाऊस तेवढा वाजत होता. त्याने बॅग आडवी केली आणि कुलपावरून बोट फिरवलं. कडी वाकलेली होती.

"उघडा," तो हळू म्हणाला.

जरीची रिळं गायब होती. मशीनच्या हेडला उभा तडा गेला होता. मी खाली बसले. रडायचं नाही असं ठरवलं होतं. तडा कुठवर गेलाय तेच बघत राहिले.

त्याने माझ्या हातातला कागद घेतला. छापलेल्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: वजन साडेअठरा किलो, कुलूप तुटलेले, ग्राहकाने माझ्यासमोर उघडले. खाली नाव, दीपेश. गाव, तुडील. दोन्ही प्रतींवर. मी सही केली आणि एक प्रत ठेवून घेतली.

"तुमची नोकरी...?"

"ती माझी काळजी." तो गाडीकडे निघाला, मग वळला. "मॅडम, सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करा. तोडमोडीला सातच दिवस असतात. फोनवर कुणी गोड बोललं तर ऐकू नका."

"तुम्ही फोनवर गोड बोलता?"

"मी फोनच करत नाय," तो म्हणाला. आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"तक्रार केलीत?"

"केली. बॅग उशिरा आली ती वेगळी, मोडली ती वेगळी. पावत्या, फोटो, सगळं जोडलं. एवढ्यासाठी फोन?"

"हो... म्हणजे, नाय." मागे वायपर खटखटत होता. "तुमच्या आईचा चहा राहिला प्यायचा."

मग तो चहाला आला. एकदा, दोनदा. पुढे रोज दुपारी, गोव्याच्या वाटेने जाताना, पाच मिनिटं. मी सुई ओवायचे आणि तो सांगायचा, कुणाच्या बॅगेत लोणच्याची बरणी फुटली, कुणी बॅग बघून रडलं. "तुम्ही रडला नाहीत," एकदा म्हणाला. "मी वाट बघत होतो."

"माझ्या रडण्याची?"

"रुमाल धुतलेला होता. वाया गेला."

मी हसले, आणि सुई बोटात गेली.

दोन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. मी ते तीनदा वाचलं. 'बॅग पोचवणारे आमचे प्रतिनिधी दीपेश यांनी जबाब दिला आहे की पावतीवरचा शेरा ग्राहकाच्या दबावाने लिहिला, सामान सुस्थितीत होते. नुकसान ग्राहकाकडे झाले. सद्भावना म्हणून पुढील प्रवासात सवलतीचे कूपन देत आहोत. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर न आल्यास तक्रार बंद समजण्यात येईल.'

जबाब दिला आहे.

कान गरम झाले. त्याला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. तो चार दिवस फिरकलाही नव्हता. आई म्हणाली, "आसल काय तरी कारण." मी एसटी पकडून थेट तुडीलला गेले.

तो सावित्रीच्या काठी दगडावर बसला होता. नदी गढूळ, फुगलेली, काठाला लागून धावणारी. मी पत्र त्याच्या पुढ्यात धरलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

त्याने वाचलं. चेहरा उतरला. "माझी सही हाय का यात?"

"नाव आहे."

"नाव त्यांनी घातलं. कॉन्ट्रॅक्टरने मला सही करायला सांगितली, मी केली नाय. म्हणून चार दिवस घरी बसवलंय. फोन त्याचाच होता, तोही काढून घेतला."

मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता... इतका, की त्याचीच भीती वाटली.

"मग हे खोटं आहे असं लिहून द्या."

तो नदीकडे बघत राहिला. "माझ्याकडे त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट हाय. सकाळी गोदामातून माल उचलताना मी प्रत्येक बॅगेचा फोटो काढतो. माझ्या स्वतःच्या जुन्या मोबाइलमध्ये. तुमच्या बॅगेचं कुलूप तिथेच तुटलेलं होतं. फोटोत वेळसुद्धा हाय."

"आणि हे मला आज सांगता?"

"तो फोटो बाहेर आला की मला या धंद्यात कुणी उभं करणार नाय, सेजल." त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली होती. "घरात कमावणारा मी एकटा. दोन दिवस द्या मला. विचार करू द्या."

रागाने सांगावंसं वाटलं, विचार कसला करायचा त्यात! पण त्याच्या घराच्या ओट्यावर म्हातारे वडील दोरी वळत बसले होते, आमच्याकडे बघत. मी म्हटलं, "तुमचा निर्णय तुमचा. नाही दिलात तरी मी लढेन." आणि निघाले. बस वळणावर आली तेव्हा मागे पाहिलं. तो उभा होता.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सकाळपासून वीज नव्हती, दुपारी मोबाइलचं नेटवर्कही गेलं. मी कूपन नाकारणारं पत्र लिहून ठेवलं होतं, पण ते जाणार कसं? तीन वाजले. साडेतीन. भाड्याच्या मशीनवर हात ठेवून मी नुसती बसले होते.

बाहेर मोटारसायकल थांबली.

तो आत आला तेव्हा शर्टाच्या आत, छातीशी, प्लास्टिकची पिशवी होती. त्यात जुना मोबाइल आणि दोन पानी जबाब, स्वतःच्या हाताने लिहिलेला. सगळं होतं त्यात. गोदाम, वेळ, कुलूप, सहीसाठी केलेली जबरदस्ती.

"सकाळी नोकरी सोडून आलो," तो म्हणाला. "काढण्याआधी सोडलेली बरी."

"दीपेश..."

"नंतर. महाडला नेटवर्क हाय, चला."

रस्त्यात पाणी होतं. मी त्याचा खांदा घट्ट धरला होता, आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. महाडला झेरॉक्सच्या दुकानात इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू होता. पानं स्कॅन झाली, फोटो चढला... अडकला... पुन्हा चढला. पाचला अकरा मिनिटं असताना 'पाठवले' असं दिसलं. शेवटी मी लिहिलं होतं, 'कूपन नको. झालेलं नुकसान भरून द्या. नाहीतर अलिबागच्या ग्राहक आयोगात भेटू.'

तो हळूच म्हणाला, "चांगलं लिहिता."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो नजर चुकवून पैसे द्यायला गेला.

त्या दिवसानंतर तो आला नाही.

पाच आठवडे तसेच गेले. कळलं ते महिपतकाकांकडून. दीपेश आता औद्योगिक वसाहतीत कामगारांची बस चालवतो, आणि ती बस बिरवाडीवरूनच जाते. रोज, माझ्या दुकानासमोरून! तरी तो थांबत नव्हता. मी त्याला निरोप पाठवला, उत्तर नाही. संध्याकाळी बसचा हॉर्न वाजला की माझ्या हातातला टाका चुकायचा.

मग कंपनीचं पत्र आलं. मशीन, जरी, भाड्याच्या मशीनचा खर्च, सगळं मान्य. पुढच्या आठवड्यात रक्कम खात्यात आली. आईने देवापुढे साखर ठेवली. मी चप्पल घातली.

तो वसाहतीच्या फाटकाबाहेर बस धूत होता. ऊन पडलं होतं. मला बघून त्याने पाइप खाली टाकला.

"मिळाली भरपाई?"

"सगळी."

"छान झालं." त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, पण पाऊल पुढे आलं नाही.

"का आला नाहीस?" माझ्या तोंडून 'तू' निघून गेलं.

पाइपातलं पाणी आमच्या पायांजवळून वाहत होतं.

"माझी नोकरी गेली ती तुझ्यामुळे, असं तुला वाटणार. मग तू मला चहाला बोलावणार, माझ्याशी चांगलं वागणार... आणि मला कधीच कळणार नाय की ते उपकार हायत की दुसरं काय. तू मला आवडतेस, सेजल. काट्यावर बॅग ठेवायला लावलीस ना, तेव्हापासून. म्हणून उपकार नको होते."

एवढा मोठा माणूस, आणि मान खाली घालून ओल्या बुटांकडे बघत होता.

"दीपेश, वर बघ."

त्याने पाहिलं.

"उपकार फेडायचे असते तर पेढे घेऊन आले असते. आई तर न्यायलाच सांगत होती." मी दोन्ही तळवे त्याच्यासमोर उघडे धरले. "बघ. रिकाम्या हातांनी आलेय."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्वतःचे हात शर्टाला पुसले... एकदा, दोनदा... आणि माझे हात धरले. त्याचे तळवे गार होते, साबणाचे.

आतून भोंगा वाजला, पाळी सुटली. कामगार बाहेर येऊ लागले, आमच्याकडे बघून हसू लागले. त्याने हात सोडले नाहीत. मीही नाही.